पूलकर्त्याचा चेहरा

"चेहऱ्याचं काय ते माझ्यावर सोडा!" सनावळी सरांनी भर सभेत जाहीर केलं, आणि इतक्या ठणठणीत आवाजात केलं की पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष दचकून जागे झाले.

सनावळी सर म्हणजे हायस्कुलातले निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं. "अगं, पाणी तापलं का?" एवढं विचारतानासुद्धा ते मध्ये एखाद्या तहाचं साल घालायचे. शहरातल्या जुन्या दगडी पुलावर आणि तो बांधणाऱ्या माणसावर त्यांनी आयुष्य ओतलं होतं. त्या माणसाला लोक नुसतं 'पूलकर्ता' म्हणत. सरांनी त्याच्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो पुष्कळांच्या घरी होता आणि त्यावर पुष्कळांचे पंखे उभे होते.

आता नगरपालिकेनं पुलाच्या तोंडाशी पूलकर्त्याचा पुतळा उभारायचं ठरवलं होतं. अडचण एकच. पूलकर्ता दिसायला कसा होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! त्याचं एकही चित्र शिल्लक नव्हतं.

"पण सर, तुम्हाला तरी कसं ठाऊक?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"त्याच्या पुलावरून!" सर म्हणाले. "असा पूल बांधणारा माणूस कसा दिसत असेल, हे मला डोळे मिटूनही दिसतं."

खरं सांगायचं तर सरांना तो डोळे उघडे ठेवूनच दिसत होता. रोज सकाळी. दाढी करताना. इतकी वर्षं एकाच माणसाच्या मागे लागल्यावर तो आणि आपण यांतला फरक पुसट होत जातो, आणि सरांच्या बाबतीत तो पार पुसला गेला होता.

शिल्पकार बाई सभेत कोपऱ्यात बसून मुकाट्यानं कागदावर रेघोट्या ओढत होत्या. सभेनंतर सरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"लिहून घ्या. भव्य कपाळ. डोळे बारीक, पण भेदक. आणि केस... विचारांनी मागे सरलेले."

"टक्कल?"

"मागे सरलेले!"

"वर्णनावरून नाक घडत नाही, सर," बाई म्हणाल्या. "मला माणूस दाखवा."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. एखाद्या नवऱ्या मुलासारखे लाजले. "रविवारी दुपारी घरी या. बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी माझी आरामखुर्ची आहे. तिच्यात जो बसलेला दिसेल, त्याच्याकडे नीट बघा. याहून जास्त मी माझ्या तोंडानं बोलणार नाही."

हा विनय त्यांना नडला!

रविवारी सर जेवण उरकून, कोट घालून खुर्चीत बसले. हनुवटी वर, नजर दूर. नजरेच्या टप्प्यात शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती, पण सरांना नदीच दिसत होती. एवढ्यात नगरपालिकेतून फोन आला. चबुतऱ्यावरची अक्षरं कोरायला घेतली होती आणि कोरणाऱ्यानं 'पूल' ऱ्हस्व काढला होता.

"ऱ्हस्व?" सर किंचाळले. "अरे, ऱ्हस्व पुलावरून सायकलसुद्धा जायची नाही! थांबव त्याला! मी आलो!"

सर तसेच पायांत चपला सरकवून धावले, आणि ते कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच त्यांचा मेहुणा दारात हजर झाला.

हा मेहुणा म्हणजे सरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. गाद्या विकायचा. माल स्वतः वापरून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, अशी त्याची धंद्यावर निष्ठा होती. त्यामुळे तो सदा ताजातवाना आणि गुबगुबीत दिसायचा. रविवारी तो ताईकडे जेवायचा आणि जेवला की समोर जे आडवं होण्यासारखं दिसेल त्यावर आडवा व्हायचा. त्या दिवशी समोर आरामखुर्ची होती.

शिल्पकार बाई आल्या तेव्हा तो मंद सुरात घोरत होता.

"सर म्हणाले होते, खुर्चीतल्या माणसाकडे नीट बघा," बाई म्हणाल्या.

"बघा की," सरांची बायको म्हणाली. "आम्ही दर रविवारी बघतो."

बाईंनी बैठक मारली. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं. मेहुणा हलला नाही. इतका शांत नमुना त्यांना उभ्या कारकिर्दीत मिळाला नव्हता.

संध्याकाळी सर धापा टाकत परतले. "शिल्पकार बाई येऊन गेल्या?"

"गेल्या. काम झालं म्हणाल्या. खूश होत्या अगदी."

"मी नव्हतो तरी?"

"तुम्ही कशाला हवे होतात? चेहरा समोरच तर होता!"

सरांनी खुर्चीमागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या निरोप समारंभाचा मोठा फोटो टांगलेला होता. अस्सं! फोटोवरून काम भागलं तर! सरांचा जीव भांड्यात पडला.

"तुमचं मन फार मोठं आहे हो," बायको गहिवरून म्हणाली. "मला वाटलं नव्हतं तुम्ही कधी असं कराल."

"इतिहासासाठी करावं लागतं," सर नम्रपणे म्हणाले.

अनावरणाच्या दिवशी पुलाजवळ मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुतळा कापडात गुंडाळलेला. नगराध्यक्षांनी दोरी ओढायची आणि त्याच क्षणी सरांनी भाषण सुरू करायचं, असं ठरलं होतं. पुतळ्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणं बरं दिसणार नाही, म्हणून ही व्यवस्था सरांनीच सुचवली होती.

कापड सरकलं.

"नागरिकहो!" सर गरजले. "हा चेहरा नीट पाहा! या माणसानं आयुष्यात कधी पाठ टेकली नाही!"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"झोप म्हणजे काय, हे याला ठाऊक नव्हतं!"

आता हशा पिकला. पुढच्या रांगेतला वाणी तोंडात रुमाल कोंबत होता.

"हसताय काय?" सर संतापले. "अन्नाचं भान नव्हतं या माणसाला! पोट पाठीला लागलं, पण..."

पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. सर गर्रकन वळले. समोर, हातात नकाशाची गुंडाळी घेऊन, दुहेरी हनुवटी छातीवर टेकवून, अर्धे डोळे मिटून, साक्षात मेहुणा उभा होता! ब्राँझमध्ये! नाकाशेजारच्या चामखिळीसकट!

"भाऊजी!" खरा मेहुणा पहिल्या रांगेतून रडत उठला आणि त्यानं सरांना मिठी मारली. "अहो, मला आधी सांगायचं तरी! मी दाढी करून झोपलो असतो!"

नगराध्यक्ष सरांच्या कानाशी लागले. "सर, हा तर गादीवाला! याला पुरावा काय?"

सरांच्या तोंडून 'घात झाला!' बाहेर पडणारच होतं. पण मग लोक विचारणार, खुर्चीत बसणार कोण होतं? आणि पूलकर्त्यासारखं दिसणार कोण होतं? समोर सगळे जुने विद्यार्थी. शेजारी हेडमास्तर.

"पुरावा... आहे," ते म्हणाले.

तेवढं पुरलं! बाजूला उभ्या असलेल्या वार्ताहरानं विचारलं, "म्हणजे हे पूलकर्त्याचे वंशज?" सर "अं..." म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा झळकला: 'पूलकर्त्याचे वंशज सापडले! ज्येष्ठ अभ्यासकांचा दुजोरा.'

त्या दिवसापासून सरांच्या रागाला अंत राहिला नाही. मेहुणा रस्त्यानं निघाला की लोक वाट देत. गाद्यांच्या दुकानावर नवी पाटी लागली: 'ज्यांनी पूल दिला, त्यांचीच गादी'. तीस वर्षं सरांनी जिथे खडू झिजवले, त्याच शाळेनं मेहुण्याला पूलकर्त्यावर भाषण द्यायला बोलावलं! सर मागच्या बाकावर बसून दात खात होते.

"आमच्या पूर्वजांना पूल बांधताना फार त्रास झाला," मेहुणा मुलांना म्हणाला. "ऊन होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला!

घरीही सुख नव्हतं. बायकोच्या बोलण्यात 'आमच्या घराण्यात' येऊ लागलं.

"आमच्यात पहिल्यापासून बांधकामाचं अंग आहे," ती एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली.

"बांधकामाचं?" सर उसळले. "परवा खिळा ठोकताना तुझ्या भावानं शेजाऱ्यांच्या घरात भोक पाडलं!"

"पलीकडे पोचायची ओढ आहे ती."

पण कडेलोट झाला तो ग्रंथावरून. पुतळ्यामुळे लोक चक्क सरांचं पुस्तक विकत घेऊ लागले होते. दुकानात एक आजोबा प्रत घेऊन आले, तेव्हा सरांनी घाईघाईनं पेनाचं टोपण काढलं.

"तुमची नको हो," आजोबा म्हणाले. "वंशजांची सही मिळेल का?"

सर तिथून निघाले ते थेट शिल्पकार बाईंच्या कारखान्यात. बाई कोपरापर्यंत मातीत होत्या.

"हा अन्याय आहे!" सर दारातूनच कडाडले. "तो चेहरा चुकलाय! बदला तो!"

"बदलते की," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाचा लावू?"

सर कोटाची गुंडी चाचपू लागले.

"खुर्चीतल्या माणसाला बघा म्हणालात, मी बघितलं. दुसरा कोण होता तुमच्या मनात?"

सर भिंतीकडे बघत राहिले. मग छताकडे. मग त्यांचा बांध फुटला. "मी! मी होतो! माझा चेहरा! तीस वर्षं त्या माणसासाठी झिजलो, एक नाक मागायचा अधिकार नाही मला?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले. "एवढंच ना? अहो, तुमचा चेहरा आहे की तिथे."

"कुठे?" सरांचा आवाज चिरकला.

"चबुतऱ्याच्या मागे. तुम्ही मागच्या बाजूला गेलाच नाहीत वाटतं?"

सर त्यांना घेऊन जवळजवळ पळतच पुलाशी आले. चबुतऱ्याच्या मागच्या अंगाला एक लांबट ब्राँझची पट्टी होती. तिच्यावर अर्धवट पूल, दगड वाहणारे मजूर, आणि एका टोकाला, होडीत उभा राहून, मूठ उगारून, तोंड वासून ओरडणारा एक माणूस.

"हा... कोण?"

"नावाडी. पूल झाला तर माझी होडी बंद पडेल, म्हणून रोज बांधकामावर येऊन शिव्या द्यायचा. तुमच्याच ग्रंथात वाचलं मी. तुम्ही सभांमध्ये चिडायचात ना, तेव्हा मी तुमचीच चित्रं काढत बसायचे. असा खणखणीत संताप मला दुसरीकडे मिळाला नसता, सर."

"पूल अडवणारा? मी?" सरांचं रक्त उकळलं. त्यांनी तोंड उघडलं, मूठ उगारली. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं पट्टीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पिशवी सावरत पावलं उचलली. सरांनी मूठ मुकाट्यानं खिशात घातली.

शिल्पकार बाई निघून गेल्या तरी सर तिथेच होते. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. कपाळ भव्य होतं. डोळे बारीक, पण भेदक होते. आणि मजुरांची तोंडं एकसारखी, बटाट्यासारखी होती. सगळ्या पट्टीत जिवंत असा माणूस तेवढा एकच होता!

संध्याकाळी बायको बैठकीच्या खोलीत आली, तर सर कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन भराभरा लिहीत होते.

"काय लिहिताय एवढं?"

"नवा ग्रंथ!" सर मान वर न करता म्हणाले. "त्या काळच्या नावाड्यावर इतिहासानं घोर अन्याय केलाय! मी म्हणतो, होड्या काय वाईट होत्या? पुलाची मुळात गरजच काय होती?"

बायकोनं आत डोकावून पाहिलं. आतल्या खोलीत भाऊ झोपला होता. त्याला आवाज जाऊ नये म्हणून तिनं दार तेवढं हलकेच ओढून घेतलं.