तळमजल्याचे अकरा प्रश्न

वेस्ट मांबलमच्या मेसमध्ये वाढप्याने "सांबार वाढू का?" असं विचारलं की सेतुराव सर हात आडवा धरून त्याला थांबवत. "हा तळमजल्याचा प्रश्न. हो किंवा नाही म्हटलं की संपला. डोकं कुठे लागलं?" मग, सांबारात आज शेवग्याच्या शेंगा नसत्या तर काय काय बदललं असतं असं त्याने विचारायला हवं होतं, हे ते त्याला समजावून देत. वाढपी बादली घेऊन पुढे निघून जाई. कोरडा भात मी खाई.

आम्ही दोघं मैलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. मी बायकोच्या नोकरीमागे साताऱ्याहून आलेला, ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचं मराठी तमिळ हेल काढत चाले आणि वाक्याच्या शेवटी वर चढे. "मला ताप आहे" असं म्हणाले तरी समोरच्याला वाटे, आपण उत्तर द्यायचं आहे.

प्रश्नांचे त्यांनी सहा मजले पाडले होते. तळाला नुसतं आठवून सांगणं, वर समजावणं, वापरून बघणं, सुटं करून दाखवणं, पारखणं, आणि गच्चीवर काहीतरी नवं रचणं. ही इमारत फळ्याच्या कोपऱ्यात कायम काढलेली असे. एखाद्याने लघवीला जाऊ का विचारलं तर हा प्रश्न कुठल्या मजल्यावरचा, हे सांगितल्याशिवाय त्याची सुटका नसे. मुख्याध्यापिका मॅडमनी एकदा काही अडचण आहे का विचारलं. "अडचणी नसत्या तर शाळा कशी दिसली असती, असं विचारा की हो," सर म्हणाले. मॅडमनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करायचो. चांगली करायचो. ते एकटेच राहत. कधीकाळी मुलगी बघायला गेले असतील तर तिला काय विचारलं असेल, यावर आमचे अख्खे डबे संपत.

मॅडमच्या मागे लागून तासाच्या तपासणीचा फॉर्म त्यांनीच करून घेतला. एका शिक्षकाने दुसऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि प्रत्येक प्रश्नाची त्या त्या मजल्याच्या रकान्यात टिक करायची. ज्याचे वरचे रकाने भरतील त्याला नववी-दहावी. ज्याचे रिकामे, त्याला वाचनालय.

त्यांच्या नववीच्या तासाला मी बसलो.

धडा बाष्पीभवनाचा. सर सेल्वीकडे वळले. ही कोवलमच्या कोळ्यांची पोर, मावशीकडे राहून शिकायला आलेली. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तुमच्याकडे मासे कुठे वाळवतात? मान खाली. वाळूवर की चटईवर? मान खाली. मीठ आधी लावतात की नंतर? प्रत्येक प्रश्नानंतर ते थांबत आणि बोटांवर दहा मोजत. वर्गात खुसखुस सुरू झाली. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि पुन्हा तसलाच सोपा प्रश्न विचारला.

अकराव्याला ती बोलली. आधी पुटपुटली, मग उभी राहिली. आभाळ भरून आलं की आई मासे कसे गोळा करते, कुठला वारा असला की ते लवकर सुकतात आणि कुठल्या वाऱ्यात चिकट होतात, ते का, सगळं सांगत सुटली. सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते.

मी लिहिलं: तळमजला, अकरा. बाकी पाच रकान्यांत शून्य. खाली शेऱ्याला चार ओळींची जागा होती. ती कोरी ठेवून मी सही केली. नववी मला हवी होती. मिळाली.

तीन महिन्यांनी, न राहवून, मी वाचनालयात गेलो. सर पुस्तकांना लेबलं चिकटवत होते. शेरा मी मुद्दाम लिहिला नाही, असं मी सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. लेबल नीट दाबून बसवलं. मग वर न बघता विचारलं, "सेल्वी बोलते का हो आता तासाला?"

तीन महिन्यांत मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"बोलते की," मी म्हणालो. "थांबवावं लागतं."

ते लेबलं, डिंक सगळं तसंच टाकून उठले आणि मला कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी पाजायला घेऊन गेले. मी ती सगळी प्यायलो.