निळ्या फडक्याची टोपली

"चहा उकळेपर्यंत टाकते सॉफ्टवेअर," नबोसा म्हणाली. शाळा सोडल्यापासून तिला सगळंच चहा उकळेपर्यंत जमायचं.

मसाका गावातल्या फोटो स्टुडिओत काटेंडेकाका तिला पक्कं कामावर घेणार होते. अट एकच. तिचा चुलतभाऊ किगुंडू आज मुलीकडे मागणीला चालला होता. तिथे पाहुण्यांचे फोटो काढून जागच्या जागी छापून द्यायचे. काकांनी प्रिंटर दिला, त्याच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली. नबोसाने आपला वहीएवढा लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. सीडी घालायला जागाच नाही.

"वरून चिकटव," काका म्हणाले. मग कपाटातून स्वतःचा वायरवाला सीडी ड्राइव्ह काढून, फुंकर मारून तिच्या हातात दिला. "हा परत आला नाही तर तूही येऊ नकोस."

तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, बाहेर किगुंडूच्या गाडीचा हॉर्न थांबेना. "मुलीच्या घरी जनरेटर आहे, तिथेच टाकते," म्हणत नबोसा निघाली. रस्त्यात लाल धुळीने नाकं भरली, तेव्हा तिने ड्राइव्ह आणि सीडी मुलीकडे भेट द्यायच्या साखरेच्या टोपलीत ठेवून वर निळं फडकं बांधलं. आपल्या हुशारीवर खूषही झाली.

मुलीच्या दारात किगुंडूकडच्या बायकांनी भेटींच्या टोपल्या डोक्यावर घेतल्या, रांगेने मांडवात नेल्या आणि गुडघे टेकून ठेवल्या. नबोसा फोटो काढत होती. निळ्या फडक्याच्या टोपलीचे तर तिने चांगले जवळून काढले. मुलीकडच्यांनी टोपल्या उचलून घरात नेल्या.

मग तिने गाडीत ड्राइव्ह शोधला.

"किगुंडूदादा, ती निळी टोपली परत माग."

"डोकं फिरलंय का? मागणीत ठेवलेली वस्तू परत मागू? मग मुलगी देतील मला?"

"आणि माझी नोकरी?"

"तुझ्या नोकरीशी संसार करू का मी? हळू बोल, सासरे बघतायत."

नबोसा लॅपटॉप घेऊन तणतणत आत गेली. मुलीच्या आत्याबाई भेटी तपासत बसल्या होत्या. नबोसाने मुकाट्याने गुडघे टेकले.

"साखर, मीठ, आणि हे काय गं? साबणाची डबी?"

"आत्याबाई, ते एकटं चालत नाही. या लॅपटॉपला जोडावं लागतं. जरा वेळ दिलंत तर..."

"मग जोडीची वस्तू वेगळी कशाला ठेवलीत? आमच्यात अर्धी भेट घेत नाहीत."

लॅपटॉप नबोसाच्या हातातून गेला, भेटींत जमा झाला. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. नबोसाचे कान तापले, पण दारातून किगुंडू असा केविलवाणा बघत होता की तिने शिवी गिळली.

"चालवून दाखव," आत्याबाई म्हणाल्या.

चुलीवर चहा ठेवला होता. तो उकळायच्या आत सॉफ्टवेअर टाकून झालं. पडद्यावर एक ओळ आली. आत्याबाईंनी चष्मा लावला.

"प्रिंटर जोडा, म्हणतंय. तो कुठाय?"

नसतोच तो, असं नबोसा म्हणणार होती. पण किगुंडूचे दोन मित्र प्रिंटर घेऊन दारात आलेच. टोपलीत घालून.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"सॉफ्टवेअर पडलं का?"

"पडलं काका. सगळ्यांचे फोटो छापले. एकदम झकास."

"शाबास. नोकरी पक्की. माझा ड्राइव्ह?"

नबोसाने आत पाहिलं. आत्याबाई त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालत होत्या.

"काका, तो तुम्हीच येऊन मागा," ती म्हणाली. "फक्त येताना हातात काही आणू नका."