बाथरूमचा दरवाजा किती इंच?

माझा मोठा भाऊ हॉटेलला फोन करतो तेव्हा नमस्कार करत नाही, नाव सांगत नाही, खोलीचं भाडंही विचारत नाही. पलीकडून हॅलो आलं की तो थेट विचारतो, "बाथरूम का दरवाजा कितने इंच का है?" पलीकडचा माणूस गोंधळून एखादा आकडा सांगून मोकळा होतो. दादा म्हणतो, अंदाज नको, टेप घेऊन जा, मी लाइनवर आहे. आणि तो खरोखर लाइनवर थांबतो. एका हॉटेलात टेप नव्हती, तेव्हा त्यानं तिथल्या माणसाला वर्तमानपत्राचं पान धरून दरवाजा मोजायला लावला होता.

एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. पाच मिनिटांनी तो माझा फोन मागून घेतो, आवाज जाड करतो आणि त्याच हॉटेलला तोच प्रश्न पुन्हा विचारतो. दोन उत्तरं जुळली नाहीत की त्याचा चेहरा खुलतो. "पाय वं वसू, मघा चोवीस होता, आता अठ्ठावीस सांगून राहिला. पाच मिनिटांत दरवाजा वाढला का?" कुणी खोटं बोललं म्हणून त्याला राग येत नाही. आपला संशय खरा ठरला याचा आनंद मात्र त्याला दिवसभर पुरतो.

दरवाजाच्या रुंदीशी संबंध माझा आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि तिच्यासोबत पायही गेले. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे आणि माझी चेअर पंचवीस इंचांची आहे. त्याच्या आदल्या वर्षी वहिनी वारली होती आणि दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन एकटाच राहत होता. त्यांना मूलबाळ नव्हतं, मी लग्न केलं नव्हतं. माझं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तो दोन बॅगा घेऊन नंदनवनला माझ्या घरी आला. एका बॅगेत कपडे होते, दुसरीत हत्यारं.

वीज केंद्रात कुठल्याही दुरुस्तीआधी परमिट लागतं. लाइन बंद आहे असं कुणीतरी लिहून देतं, खाली सही करतं, मगच माणसं हात लावतात. दादानं चौतीस वर्षं अशी परमिटं वाचली आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. आधी स्वतः जाऊन टेस्टर लावायचा, मग माणसांना पुढे सोडायचा. माझी सगळी माणसं दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झाली, हे तो आजही ओळख करून देताना सांगतो. त्याचं ठरलेलं वाक्यही तिथलंच आहे: "सांगणाऱ्यानं सांगतलं. डोयानं पायलं कोणं?"

घरी आल्यावर त्यानं ही पद्धत माझ्यावर लागू केली. मला कुठे जायचं असेल तर तो आधी जाऊन जागा बघून येतो आणि मग परमिट देतो किंवा नाकारतो. चुलत बहिणीच्या लग्नाआधीच्या साक्षगंधाला परमिट नाकारलं, कारण तीन पायऱ्या. माझ्याच ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला नाकारलं, कारण लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला चार पायऱ्या होत्या. ही लिफ्ट कुणासाठी बांधली, असं त्यानं तिथल्या सुपरवायझरला विचारलं.

एकदाच तो दुसऱ्याच्या शब्दावर गेला. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं छातीठोकपणे सांगितलं की रॅम्प आहे. रॅम्प होता. तो गॅसचे सिलिंडर आत नेण्यासाठी मागच्या बाजूला होता आणि थेट भटारखान्यात उघडत होता. मी लग्नात प्रवेश केला तो कांद्याच्या सालींवरून. दादा रागानं मालकाला शोधत होता. मी मात्र आचाऱ्याकडून कढईतली पहिली गरम जिलबी घेऊन खाल्ली आणि नवरीच्या आधी माझं जेवण झालं. दादानं त्या जिलबीबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

संशय आमच्या घरात दोघांकडेही आहे, हे सांगून टाकते. मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसते. लोकांच्या कागदांत खोट शोधणं हेच माझं काम, आणि मी ते वाईट करत नाही. तरीही तीन वर्षांपूर्वी मी एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला. जयपूरच्या हवामहलात वर जायला जिन्याऐवजी उतार आहेत, कारण राण्यांच्या पालख्या वर न्यायच्या असत, असं मी वाचलं. ज्यांना चालायची गरज नव्हती त्यांच्यासाठी कुणीतरी अख्खा महाल बांधला होता. मला तो बघायचाच होता. ऑपरेशननंतर इतक्या हट्टानं मी काहीच मागितलं नव्हतं.

दादानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोयानं पायलं कोणं?" मग त्यानं स्वतः माहिती काढायला घेतली. हवामहलाला रस्त्याच्या बाजूनं प्रवेश नाही, मागून जावं लागतं, हे कळल्यावर तर तो खाटेवर उठून बसला. ज्या इमारतीले समोरून दरवाजाच नाही तिच्यावर भरोसा कसा ठेवाचा, असं त्याचं म्हणणं. पहिला हिवाळा हॉटेलांच्या बाथरूममध्ये गेला. दुसरा रेल्वेच्या डब्यात. तिसऱ्या वर्षी जयपुरात एक हॉटेल दोन्ही फोनवर सत्तावीस इंचच म्हणालं, तेव्हा त्याला त्यांचाच जास्त संशय आला. पढवून ठेवलं असंल, तो म्हणाला.

मला एव्हाना दादाचाच संशय येऊ लागला होता. याला मला न्यायचंच नसेल. माझ्या वतीनं ठरवायची त्याला सवयच झाली होती. दुकानदार मला विचारायचा, ताई, कोणता रंग, आणि दादा सांगायचा, निळा. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, दुखतं का. दादा म्हणायचा, दुखत नाही, जड वाटते. तो कधी हौसेनं पुढे पुढे करायचा नाही. तो आपला परमिटवर सही केल्यासारखं सांगायचा, आणि मी सोडून द्यायची.

अशात सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, चार दिवस अमरावतीला जातो, जुन्या सोबत्याच्या मुलाचं लग्न आहे. शेजारच्या लताताईंना त्यानं माझ्याकडे राहायला सांगून ठेवलं होतं. माझी जुनी घडीची चेअरही त्यानं काढली. हिंगण्याला एक वेल्डर आहे, जाता जाता दुरुस्तीला टाकतो, म्हणाला. हिंगणा अमरावतीच्या वाटेवर येत नाही. शिवाय पितृपक्ष चालू होता.

"काहून गा दादा," मी विचारलं, "पितृपक्षात लग्न?"

तो म्हणाला, बारसं आहे. मग बारशालाही मुहूर्त नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो चेअर उचलून लगबगीनं निघूनच गेला.

चार दिवस माझं डोकं दाव्यांच्या टेबलावर असतं तसं चालत होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चार दिवस घराबाहेर, खोटं कारण, सोबत व्हीलचेअर. असे कागद माझ्यासमोर आले असते तर मी शेरा लिहिला असता: आजार लपवला आहे. तपासण्या असतील. पाय असतील. आमच्याकडे पायांचं काही खरं नाही. लताताईंनी केलेली भाजी मी दोन दिवस नुसती चिवडली.

पाचव्या दिवशी सकाळी दादा यायच्या तासभर आधी माझा फोन वाजला. जयपूरच्या त्या सत्तावीस इंचवाल्या हॉटेलातून रिसेप्शनवरचा माणूस बोलत होता. दादाचा फोन लागत नव्हता; पण पडताळणीसाठी माझ्या फोनवरून विचारणारा जाड आवाज त्याचाच हे त्यांनी ओळखलं होतं आणि तो नंबर त्यांच्याकडे होता. अंकलची मोजायची टेप पलंगावर राहिली आहे, तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, "मैडम, सच बताइए, अंकल बीमार हैं कि नहीं? तीन दिन व्हीलचेअर पे थे. जाते टाइम खुद चलके गए, चेअर बगल में दबा के. पूरा स्टाफ देखता रह गया."

दादा आला तेव्हा मी दारातच चेअर आडवी लावून बसले होते. मी त्याला आत येऊ दिलं नाही. बारसं कसं झालं, विचारलं. चांगलं झालं, तो म्हणाला. बाळाचं नाव काय ठेवलं? तो चपला काढू लागला. मग मी टेप राहिल्याचं सांगितलं आणि तो तसाच बॅग घेऊन पायरीवर बसला.

तो जयपूरला गेला होता. स्टेशनबाहेर चेअर उघडून तिच्यात बसला, एका रिक्षावाल्याला तीन दिवस ढकलायला ठरवलं आणि पायाचा अंगठाही न हलवता सगळं शहर बघून आला. बाथरूममध्ये चेअरवरून एकटा उतरून, एकटा चढून पाहिलं. त्यात दोनदा पडला. बाजारात एका दुकानाच्या उंबऱ्यावर अर्धा तास अडकला, पण उठला नाही. पाय न हलवता तिथून कसं निघायचं तेच पाहायचं होतं, म्हणाला.

"उतार खरा आहे," तो म्हणाला. "खडा आहे, ढकलाले दोन माणसं लागतीन. वर वर अरुंद होत जाते, पार शेंड्यावर नाही जाता येत. पण जाळीच्या खिडकीपाशी पोचते खुर्ची. म्या पायलं."

मग परमिट मिळालं का, मी विचारलं. मला वाटलं, आता पुन्हा पायऱ्या निघणार.

"तीन दिवस माह्याशी कोणी बोललं नाही वं," तो म्हणाला. "जेवाले बसलो त रिक्षावाल्याले विचारे, साहब क्या खाएंगे. मेनू माह्या हातात आहे. चादर पायजे का, त्याले विचारे. मले बाथरूमले जायचं आहे का, थे बी त्याले. दुसऱ्या दिवशी म्या ओरडलो. त त्यालेच म्हणते, साहब को गुस्सा बहुत आता है."

मी हसले. हसायला नको होतं, पण मी नऊ वर्षं त्या खुर्चीत आहे आणि मला हसू आवरलं नाही.

"थो रिक्षावाला भला माणूस होता," दादा पुढे म्हणाला. "पण तिसऱ्या दिवशी तोच माह्या वतीनं सांगाले लागला. साहब को मिर्ची नहीं चलती. मी, सावजी खाणारा माणूस. म्या म्हटलं, याले कोणं सांगतलं?" तो बॅगेचा पट्टा हातात गुंडाळत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वसू, तुले दुखते का जड वाटते?"

"दुखते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मला त्याच्यावर रागवायचं होतं, त्याऐवजी माझे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी चेअर वळवून त्याला आत यायला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. दादानंच उचलला. टेप पाठवायचं बोलणं झालं आणि मग मॅनेजरनं विचारलं, मॅडमला काय काय लागेल. दादानं तोंड उघडलं. पंचवीस इंच, पलंगाची उंची, बाथरूमची दांडी, सगळं त्याच्या जिभेवर होतं. ते त्यानं तसंच गिळलं. "मैडम यहीं हैं," तो म्हणाला. "उनको पूछो." आणि फोन माझ्या हातात दिला.

दिवसभर लोकांची उलटतपासणी घेणारी मी, मला सुरुवातीला शब्दच सापडेनात. मग सापडले. पलंग बुटका हवा. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल. खोली रस्त्याच्या बाजूची, मला वर्दळ बघायची आहे. दिवाळी झाली की येतो, चार रात्री, दोन खोल्या. मॅनेजर लिहून घेत होता. शेवटी त्यानं विचारलं, आणि सोबत अंकल येतील, त्यांना काय हवं?

त्यांना काही लागत नाही, असं मी सांगणारच होते. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. मी फोनवर हात ठेवला.

"दादा, तुले काय पायजे?"

"काहून?" त्यानं लगेच डोळे बारीक केले. "काय म्हणून राहिला तो?"

"तो नाही. मी विचारून राहिली."

त्याला हा प्रश्न मोजता येईना. तो भिंतीकडे बघू लागला, मग स्वतःच्या हातांकडे. पलीकडे मॅनेजर हॅलो हॅलो करत होता. नऊ वर्षं रोज सकाळी सहाला माझ्या उशाशी चहाचा कप आलेला आहे, दादा आजारी असला तरी. त्याच्या उशाशी शेवटचा कप वहिनीनंच ठेवला असणार, आणि ती जाऊन दहा वर्षं झाली होती. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

"सकायी चहा," तो हळूच म्हणाला. "खोलीत आणून देत असन त."

मी मॅनेजरला सांगितलं, अंकलना रोज सकाळी सहाला चहा, खोलीत. तो बरं म्हणाला. दादानं माझ्या दंडाला हात लावला. अजून काही राहिलं होतं.

"त्याले सांग," तो म्हणाला, "मी झोपलेला असन. मले उठव म्हणा."