अडीच इंच खाली

गाडी जरा खाली घ्यायची, एवढंच टेलरमास्तरांनी ठरवलं होतं. रुसून गेलेली बायको रविवारी घरी यायची म्हटल्यावर माणसाने घर झाडावं, चादरी धुवाव्यात, फार तर ओटा पुसावा. ते सगळं तसंच ठेवून ह्या माणसाने गाडीला हात घातला. (पुरुषाला चूक सुधारायची सुरसुरी आली की बायकांनी आधी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघावं. नंतर उपयोग नसतो.)

बायको रुसली होती ती मुळात ह्या गाडीवरूनच. बावन्नाव्या वर्षी मास्तरांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक लाल स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली. घरात एका शब्दाने विचारलं नव्हतं. बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मागची सीट कुठाय?"

"स्पोर्ट्सला मागची सीट नसते."

"लेक-जावई आले, नातू आला, तर टपावर बसवायचं का?"

मास्तर म्हणाले, "त्यांची त्यांना गाडी आहे की." झालं. संध्याकाळच्या आत बाईने बॅग भरली आणि ताईकडे निघून गेली.

दोन महिने झाले. घर असं सुन्न पडलं होतं की नळ ठिबकला तरी कोणी बोलल्यासारखं वाटायचं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते मास्तरांना दहा दिवस कळलं नाही, कारण "चार वाजले, दुकान उघडा" म्हणणारं कोणी नव्हतं. एकाच कपात चहा प्यायचा, तोच विसळायचा, तोच पालथा घालायचा. दुकानात लोकांच्या पँटी कमरेत वाढवायच्या आणि स्वतःची घसरायला लागली तिला टाचणी लावायची. असं चाललं होतं.

मध्ये एकदा ते बायकोला आणायला गेले होते. ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. फाटकापाशी साडू मात्र आले. त्यांनी गाडी खालून वरून बघितली आणि म्हणाले, "गाडी झकास आहे हो मास्तर. पण चाकावर एवढी फट? आखूड पँट घालून उभी राहिल्यासारखी दिसते."

बायको आली नाही ह्याचं दुःख मास्तरांनी कसंबसं गिळलं. पण आखूड पँट? टेलरच्या गाडीला? ते काही घशाखाली उतरेना.

पुढे महिन्याभराने बायकोचा फोन आला. "रविवारी चारला या. एकदा येऊन बघते. पटलं तर राहीन, नाही तर माघारी येईन आणि मग पुन्हा बोलवायचं नाही. आणि कंबर दुखतेय माझी, सांभाळून न्या."

ह्यातलं 'रविवारी चारला' तेवढं मास्तरांनी ऐकलं आणि टेप खिशात घालून गॅरेज गाठलं.

गॅरेजवाला शहाणा माणूस. त्याने तीन प्रकार समोर मांडले. नुसत्या आखूड स्प्रिंगा. स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे कडक शॉकअप. आणि तिसरा सेट आट्यांचा, पान्याने फिरवला की गाडी हवी तेवढी वर, हवी तेवढी खाली.

"हा तिसरा घ्या," तो म्हणाला. "नाही पटलं तर परत वर घेता येतं."

मास्तर हसले. "म्हणजे आत कापड सोडल्यासारखं?"

"तसंच समजा."

"ज्याला माप घेता येत नाही ना, तो आत कापड सोडतो. तीस वर्षांत माझी एक पँट उसवायला परत आली नाही. मला फिक्स द्या. मधला."

मग मास्तर गुडघ्यावर बसले. तोंडात खडू, गळ्यात टेप. चाकाच्या वरपासून पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं, चारही चाकांना खुणा केल्या आणि जाहीर केलं, "अडीच इंच."

"दीड घ्या, मास्तर. बसणार कोण कोण? रस्ता कसा आहे?"

"अडीच म्हटलं ना. फिटिंग म्हणजे फिटिंग."

रविवारी दुपारी गाडी तयार झाली. खरं सांगायचं तर दिसत होती देखणी. चाकावर पत्रा असा बसला होता की अंगावर बेतून शिवलाय. मास्तर एकटे बसून निघाले. गाडी प्रत्येक खड्ड्याची खबर थेट मणक्याला देत होती, पण खाली कुठे टेकली नाही.

साडू फाटकात आले, बघितलं, गप्प झाले. मास्तरांना वाटलं, जिंकलो.

बायको बॅग घेऊन बाहेर आली. दार उघडून आधी सीट शोधली. ती पार जमिनीलगत. बाई बसली कसली, पडलीच. "अगं आई गं," एवढंच म्हणाली. मास्तरांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर आला. खालून घर्रर्र असा आवाज झाला.

"काय फाटलं?"

"काही नाही गं. जरा टेकली."

दुसऱ्यावर गाडी टेकली ती तिथेच बसली. पुढे जाईना, मागे येईना. मागून हॉर्न सुरू झाले.

"येताना टेकली होती का?"

"नाही."

"येताना तुम्ही एकटे होतात."

"हो."

दुकानात आलेल्या कुठल्याही बाईला मास्तरांनी आजवर 'तुम्ही सुटलात' म्हटलं नव्हतं. "कापड आटलंय हो, हल्ली मालच तसा येतो," असं म्हणून वेळ मारून न्यायचे. आणि त्या दिवशी स्वतःच्या बायकोला हा गृहस्थ म्हणाला, "तू उतरलीस तर जाईल बहुतेक."

ती उतरली. गाडी इंचभर वर आली, सुटल्यासारखी. मास्तर पलीकडे गेले. ती चालत आली, कमरेवर हात ठेवून वाकली, पुन्हा त्या खड्ड्यात शिरली.

घरापर्यंत असे अकरा स्पीडब्रेकर होते. मधे शाळा होती, दवाखाना होता आणि एका साहेबाचा बंगला होता, त्याला एकट्याला तीन. ती उतरायची, मास्तर ओलांडायचे, ती बसायची. चौथ्याला ती म्हणाली, "माप घेताना गाडीत कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"कोट हँगरवर ठेवून माप घेता का गिऱ्हाइकाचं?"

तीस वर्षांत मास्तरांना कोणी माप शिकवलं नव्हतं आणि आता बायकोने भर रस्त्यात, वाकून, खिडकीतून शिकवलं.

सहाव्याला उतरताना तिने बॅगही घेतली.

"बॅग कशाला?"

"तिचंही वजन आहे ना."

मास्तर पलीकडे जाऊन थांबले. आरशात बघतात तर बायको थांब्यावर उभी आणि समोर बस. ती चढली. बस मास्तरांच्या शेजारून, स्पीडब्रेकरवरून, धाडकन निघून गेली. ती बस चौकापर्यंत जायची. चौकात घराकडची बस मिळते आणि ताईकडे माघारी जाणारीही. मास्तरांनी पाठलाग केला, म्हणजे करायला घेतला. स्पोर्ट्स कार बैलासारखी एकेक उंचवटा हुंगत चालली होती आणि बस कधीच दिसेनाशी झाली. चौकात पोचले तेव्हा थांबा रिकामा. तिथे शेंगदाणे विकणाऱ्या म्हातारीला त्यांनी विचारलं, "एक बाई, बॅग घेतलेली, कुठल्या बसमध्ये चढली?"

"कंबर धरून होती, ती?" म्हातारी म्हणाली. "मी तिची कंबर बघितली, बस नाही बघितली."

मास्तर घराकडे वळले. पुन्हा तो एक कप, पुन्हा ते ठिबकणं. आणि दुरून बघतात तर खिडकी उघडी! घाईघाईने फाटकातून गाडी आत घालायला गेले, तर गटारावरच्या फरशीने पोटातच धरली. एकटे असूनही.

आतून आवाज आला. "काय झालं?"

"अडकली गं!"

"मग उतरा. मी पाच वेळा उतरले."

मास्तर उतरले. गाडी वर आली. एकट्याने ढकलून, धापा टाकत त्यांनी ती आत घेतली आणि तसेच घरात धावले. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी होती. बॅग दारातच पडलेली.

"आलीस!" मास्तर दारातूनच म्हणाले. "राहणार ना?"

"राहते. दुसरं करू काय?"

"माफ केलंस म्हणजे?"

"माफ कसलं डोंबलाचं! कंबर धरलीय. उठवत नाही मला. उठता आलं की बघते काय करायचं ते."

एकदम मास्तरांना उपाय सुचला आणि खिशातली किल्ली बाहेर आली.

"डॉक्टरकडे नेतो ना तुला! आत्ता नेतो!"

बायकोने मान न वळवता विचारलं, "कशातून?"