कृपया येथे तळू नये

काष्टीच्या आठवडे बाजारात भागवतने कांदाभज्यांची गाडी लावली, ही घटना खरं तर कोणाच्या खिजगणतीतही येण्यासारखी नव्हती. पण भागवत इंजिनिअर होता आणि पुण्यातली नोकरी सोडून आला होता. त्यामुळे त्याची भजी ही भजी न राहता प्रेरणा झाली आणि तिथून पुढे सगळं बिघडलं. बिचाऱ्याला एवढंच हवं होतं, की लोकांनी गाडीवर यावं आणि गरम भजी खावीत.

पहिल्याच बाजाराला श्रमप्रतिष्ठा गौरव समितीचे अध्यक्ष हनुमंतराव शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन हजर झाले. कोणतंही काम हलकं नसतं, असं त्यांनी गाडी आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध उभं राहून सांगितलं, आणि बराच वेळ सांगितलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती शेजारी लंकाबाईंच्या गाडीवर गेली. लंकाबाई लग्न होऊन आल्यापासून तिथेच भजी तळत होत्या.

"साहेब, यांचाही सत्कार करा की," भागवत म्हणाला.

हनुमंतरावांनी आपुलकीने विचारलं, "बाई, ही गाडी लावण्यासाठी आपण काय सोडलंत?"

लंकाबाईंनी आठवून पाहिलं. "काय बी न्हाई. आमच्याकडं सोडायला हुतंच काय?"

"मग अवघड आहे. नियमानुसार सत्कारमूर्तीने आधी काहीतरी चांगलं सोडलेलं असावं लागतं. तुम्ही नुसतीच भजी तळता."

पुढच्या बाजाराला दुसरं मंडळ आलं, कारण पहिल्याने सत्कार केला आणि आपण नाही केला, हे चारचौघांत बरं दिसत नाही. अभिनंदनाचे फ्लेक्स इतके लागले की मागची गाडी दिसेना. शेगडीजवळ फेटा पेटण्याची भीती होती आणि फेटा उतरवणं म्हणजे सत्कार करणाऱ्यांचा अपमान, म्हणून समितीने ठराव करून शेगडी विझवली. मग भागवतला गाडीसकट टेम्पोत घालून कॉलेजाकॉलेजांतून व्याख्यानाला नेऊ लागले. विषय, 'भज्यांतून स्वाभिमानाकडे'. पाहुण्यांच्या शाली तेलकट होऊ नयेत म्हणून गाडीवर पाटी लागली, 'कृपया येथे तळू नये'.

"अहो, पण मी तळणार कधी?" भागवत रडकुंडीला आला.

"तळायला काय, कोणीही तळेल," हनुमंतराव म्हणाले. "तुम्ही आदर्श आहात. आदर्शाने पिठात हात घालू नये."

व्याख्यानानंतर चहाबरोबर भजी असत. ती लंकाबाईंकडून मागवलेली असत.

शेवटी भागवतने गाडी समितीला अर्पण केली, फेटा उतरवला आणि लंकाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, मला तळायला ठेवता का?"

"पीठ कालवाया येतं?"

"येतं."

"मग ये. पन शिकल्याचं कुनाला सांगू नगं. लोकं खायाचं सोडून टाळ्या वाजवत्यात."

आता तो तिथे तळतो. घामाघूम होतो, पिठाचे हात सदऱ्याला पुसतो आणि अगदी मनापासून सुखात आहे. त्याला कोणी ओळखत नाही; फेट्याशिवाय ओळखणार तरी कसं?

परवाच्या बाजाराला आपणही आला होतात. होय, आपणच, त्याच्या व्याख्यानाला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्यात ना? भजी झकास झाल्याचं आपण कबूल केलंत, वर चार तळलेल्या मिरच्या फुकट मागून घेतल्यात आणि सोबतच्या लेकीला हळूच म्हणालात, "नीट अभ्यास कर बाई, नाहीतर याच्यासारखी भजी तळावी लागतील."