भाताला जेवू घालणारे गोमाजीकाका

लग्नाच्या वऱ्हाडात सगळ्यांना पुढच्या बैलगाडीत बसायचं असतं. आमच्या शेजारचे गोमाजीकाका शेवटच्या गाडीच्याही मागून पायी चालत, आणि तेही पाटी घेऊन. पुढच्या बैलांनी वाटेत जे जे टाकलं असेल ते त्या पाटीत जायचं. डोक्याला नवा फेटा, कानात अत्तराचा फाया आणि काखेत शेण! भिवपुरीजवळच्या आमच्या गावाला याची इतकी सवय झाली होती की, काका रिकाम्या हातांनी दिसले तर लोक विचारत, "काका, बरं नाय का?"

काका स्वतः मात्र कुणाच्या प्रकृतीची चौकशी करीत नसत. समोरचा तापाने फणफणत असला तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच, "तुझं शेत जेवलं का रं?" आमच्याकडे भात पेरण्याआधी शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतात. गाव एक थर घाली, काका तीन घालीत. आमच्या चुलीतली राख ते माझ्या आईला न विचारता उचलून नेत. एकदा त्या राखेत पुरून ठेवलेली रताळीही गेली. रताळी त्यांनी परत आणून दिली, राख नाही.

काकांची बायको कधीच गेली होती. घरात ते आणि बैल. एकुलती एक लेक येसू खालापूरकडे दिलेली, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पोरीला आपल्याच शेतातल्या नव्या तांदळाची पेज पाजायची, आणि तो तांदूळ पंचक्रोशीत कुणी खाल्ला नसेल असा हवा, हे काकांनी मनावर घेतलं.

नेमका त्याच पावसाळ्यात शेतकी खात्याचा एक साहेब पांढरं विलायती खत घेऊन आला. साखरेसारखं दिसायचं. वाफ्याला किती टाकायचं ते त्याने नीट समजावलं. काकांनी मान डोलावली आणि साहेबाची पाठ वळताच ओंजळी भरभरून सुरुवात केली. मी तेव्हा कर्जतला मालधक्क्यावर कारकून होतो, मोजमापाचा माणूस. मी हटकलं.

"तुमी कारकून लोक मोजून जेवता," काका म्हणाले, "म्हनून असं काडीवानी दिसता."

भात तरारला. काळपट हिरवा, कमरेच्या वर. काका बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारीत, "ये रं, जरा डोळं निवव!" पंधरवडाभर ते जावई आल्यासारखे वागत होते.

मग कीड आली. ती गावभर होती, पण मुक्कामाला काकांकडे राहिली. त्या कोवळ्या, रसरशीत धाटांत तिची चंगळच झाली. कीड झडावी म्हणून आम्ही दोघांनी रॉकेलमध्ये भिजवलेला दोर दोन टोकांना धरून पिकावरून ओढला. एकीकडे काकांचं किड्यांशी भांडण चालूच, "अरं, पोरीसाठी वाढलंय! तुमाला कोनी बोलावलं?" किड्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उरलंसुरलं पीक हस्ताच्या वाऱ्याने आडवं केलं. लोंब्या पांढऱ्या पडल्या, आत दाणा नाही. काका ज्याला उपाशी म्हणून हिणवीत, त्या आमच्या शेतात मात्र बऱ्यापैकी भात झाला.

येसू आली तेव्हा आईने माझ्याबरोबर आमचा नवा तांदूळ पाठवला. काकांनी तो मुकाट्याने घेतला, स्वतः शिजवला आणि लेकीला पाट मांडला. मीही तिथेच टेकलो. ताटात भाताची एवढीशी मूद होती. तीन थर घालणारे गोमाजीकाका पळी हातात धरून नुसते बसले होते.

"काका, वाढा की," मी म्हटलं.

त्यांनी मला हाताला धरून ओटीवर नेलं.

"शेताला जास्त झालं तं एक वरीस गेलं," ते हळूच म्हणाले. "हिला जास्त झालं तर? आन् हिच्या आयला कमी झालं व्हतं रं. बाळंतीण असून सगळ्यांना वाढायची, मागं काय उरंल ते खायची. कदी बोलली नाय. मला कळलंच नाय. तू मोजमापातला हाईस. सांग, किती वाढू?"

हे माप मला कुणी शिकवलं नव्हतं.

आतून येसूने सगळं ऐकलं होतं. "बा, मी काय भात हाय का?" ती ओरडली. "पुरं झालं की सांगीन की तोंडानं! वाढ आदी, भूक लागलीया!"

काका आत धावले. वाढलं, थांबले, तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान डोलावली, आणखी वाढलं. तूप घातलं. तिसऱ्यांदा पळी पुढे आली तेव्हा येसूने ताटावर हात आडवा धरला, "बास, बा."

काका जागच्या जागी थांबले. चेहरा असा फुलला की, शेत तरारलं होतं तेव्हाही मी तो तसा पाहिला नव्हता.

"बगितलंस?" ते मला म्हणाले. "ही सांगते रं! ही सांगते!"