पाचव्या वाक्याखालची सही

"सर, तुम्ही आजवर कुणाला हसवलंय का?"

हा प्रश्न मैत्रिणींचा, पैजही त्यांचीच. मी फक्त उभी राहिले, कारण गेल्या महिन्यापासून मी घाबरायचं बंद केलंय.

इंग्रजीच्या सरांनी खडू खाली ठेवला. "हसवलं नाही. पण कामाला लावतो."

तेव्हा आम्ही मेक, गेट, लेट शिकत होतो. मराठीत 'हस'चं 'हसव' केलं की भागतं. इंग्रजीत त्यासाठी वेगळा मुकादम नेमावा लागतो. मेक भाग पाडतो, गेट गोड बोलून पटवतो, लेट नुसता बाजूला सरकतो. मला शिक्षा मिळाली: घरी कुणाकुणाकडून काय काय करवून घेतलं याची पाच वाक्यं, आणि प्रत्येकाखाली त्या माणसाची सही.

"चुटकीसरशी! घरात माझंच चालतं," असं म्हणून मधल्या सुट्टीतच मी पाचही वाक्यं लिहून टाकली. आता ती फक्त खरी करायची होती.

बाबा शिंपी. आमची पुढची खोली म्हणजेच दुकान. मी पोचले तेव्हा बाबा ओठांत टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून वकीलकाकांच्या पँटची उंची धरत होते. वाक्य पहिलं: बाबांना हसवलं. मी सरांची नक्कल केली. बाबा फस्सकन हसले आणि टाचण्या फरशीभर उडाल्या. वकीलकाका अनवाणी. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले. (दुसरं वाक्य: गिऱ्हाइकाला नाचवलं.) आई लोहचुंबक घेऊन धावली. (तिसरं: आईला पळवलं.) वकीलकाकांना पाणी प्यायला लावून मी चौथंही उरकलं.

बाबा मात्र फरशी चाचपत होते. टाचणी बोटाशेजारी चमकत होती, तरी सापडेना.

"दिसत नाही ना?" आईने विचारलं.

"दिसतं की."

रोज शाळेत जाण्याआधी बारा सुया ओवून मी उशीला टोचून ठेवते, हे आईला ठाऊक नव्हतं. बाबांनी मला तशी शपथच घातली होती. मी गुपचूप वही पुढे केली. बाबांनी ऐटीत दोन सह्या ठोकल्या, एक पहिल्या वाक्याखाली, दुसरी पाचव्या.

"अहो, वाचा तरी," आई म्हणाली.

बाबांनी वही लांब धरली, जवळ धरली. "अक्षर छान आहे."

मग मीच वाचलं, "बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला लावलं."

आई सहा महिने हेच सांगून थकली होती. वकीलकाका घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, मापाच्या वहीत एकदा लिहिलं की शब्द फिरवायचा नाही, हा नियम तुमचाच. इथे तर तुमची सही आहे. सुटका नाही."

चार दिवसांनी चष्मा आला. बाबांनी सुई उजेडाकडे धरली आणि एका फटक्यात ओवली. आई हसली. मला मात्र रडूच फुटलं, उगाचच.

बाबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सहावं लिही. बाबांनी मला रडवलं. यात मेक की गेट?"

"मेक," मी नाक ओढत म्हणाले.

"मग कर सही."

मी केली, आणि पेन बंद करता करता जाहीर केलं, "दोघंही नीट ऐका. चष्मा आला असेल तर असू दे. सकाळची पहिली सुई मीच ओवणार."